रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचा प्रतिक्रिया काल मोजायचाय, बटण कसं करू?

बदलापूर_स्लो
मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मानसशास्त्रात एम.ए. करते, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी रात्रपाळीच्या वॉचमन लोकांची सतर्कता मोजायची आहे. मुलुंडच्या तीन सोसायट्या, मिळून अकरा जण. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी. पाळी सुरू होण्याआधी एकदा आणि सुटल्यावर एकदा चाचणी घ्यायची.

चाचणीचं नाव सायकोमोटर व्हिजिलन्स टास्क, सगळे पीव्हीटी म्हणतात. डिंजेस आणि पॉवेल यांनी ती १९८५ मध्ये मांडली आणि झोपेच्या अभ्यासात आजही ती वापरतात. दहा मिनिटं समोर बघत बसायचं. २ ते १० सेकंदांच्या अंतराने, कधी ते न सांगता, खूण उमटते. दिसली की बटण दाबायचं. ५०० मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला तर तो लॅप्स, म्हणजे तेवढ्यापुरतं लक्ष सुटलं असं धरतात.

सध्या हे लॅपटॉपवर सायकोपायमध्ये (असे प्रयोग चालवायचा प्रोग्रॅम) चालवतेय, उत्तर स्पेसबारने. केबिनमधलं टेबल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर जेमतेम मावेल एवढी फळी. एक काका दारावरची बेल दाबावी तसा स्पेसबार दाबूनच धरतात. दुसरे बोट इतकं हळू टेकवतात की कळ खालपर्यंत जातच नाही. "ताई, महागाची वस्तू तुमची, काही तुटलं तर कुठून भरून देऊ?" असं म्हणाले. तिथेच ठरवलं, यांच्या हातात लॅपटॉप द्यायचा नाही, एक मोठं दणकट बटण द्यायचं. तयार रिस्पॉन्स बॉक्स (उत्तर द्यायच्या बटणांचा डबा) परदेशातून मागवावा लागतो, तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. दोनेक हजारांत घरी काही करता येईल का?

आणखी एक सांगते, कारण ते मनातून जात नाहीये. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जास्त कोण पेंगतो त्याचं नाव द्या, एजन्सीला कळवतो." मी नाही म्हटलं. संमतिपत्रात तसं लिहून दिलेलं आहे आणि ते मी पाळणारच. पण तेव्हापासून प्रत्येक आकड्याकडे बघताना वाटतं, हा उशीर नक्की काकांचाच आहे ना?

---

पायथॉन_पेठ
मंगळवार, रात्री ११:३५

धागा आवडला. बटण जरूर करा, पण कीबोर्डच्या नावाने फार घाबरू नका.

साधा यूएसबी कीबोर्ड दर ८ मिलिसेकंदांनी एकदा संगणकाला विचारू देतो, "कळ दाबली का?" त्यामुळे तुमचा आकडा ० ते ८ मध्ये कुठेतरी पुढे ढकलला जातो. त्या चुकीचं प्रमाण विचलन (आकडे किती पसरतात त्याचं माप) काढायचं तर ८ भागिले वर्गमूळ १२, म्हणजे साधारण २.३. माणसाच्या स्वतःच्या प्रतिक्रियांचं विचलन ६० धरा. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की येतात ६०.०४. साठावर चार शतांश. माणूस मुळातच इतका वरखाली होतो की कीबोर्डची थरथर त्यात बुडून जाते.

अभ्यासकांनी हे आधीच तपासलेलं आहे. उलरिश आणि गिराय यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवलं की बऱ्यापैकी जाड्या टिकटिकीच्या घड्याळानेही सरासरीतल्या फरकाचं फारसं बिघडत नाही. डेमियनने २०१० मध्ये कीबोर्डबद्दल तेच म्हटलं. स्ट्रूपसारख्या प्रयोगात (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात दाखवून रंग ओळखायला लावतात तो) एकाच माणसाचे दोन प्रकारचे प्रयत्न ताडून पाहता, तिथे यंत्राचा कायमचा उशीर दोन्हीकडे सारखा असतो आणि वजाबाकीत उडून जातो.

फक्त सायकोपायमध्ये कळा वाचायची जुनी पद्धत वापरत असाल तर सोडा. हार्डवेअरखालचा नवा कीबोर्ड वर्ग घ्या आणि त्याचं घड्याळ खूण पडद्यावर येते त्याच क्षणी शून्य करा. जुन्या पद्धतीत कळ कधी दाबली ते फ्रेमगणिक तपासलं जातं आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते.

---

तारतम्य
बुधवार, सकाळी ७:२०

पायथॉन_पेठ यांचं गणित बरोबर आहे आणि स्ट्रूपसाठी मीही तेच सांगितलं असतं. पीव्हीटीला मात्र ते पुरत नाही. इथे वजाबाकी नाही, उंबरठा आहे. एखाद्या काकांनी खरोखर ४७० मिलिसेकंदांत बटण दाबलं आणि पडदा-कीबोर्ड मिळून ४० चा उशीर झाला, तर नोंद होते ५१०. काकांचं लक्ष जाग्यावर होतं, कागदावर लॅप्स पडला. कायमचा उशीरसुद्धा इथे निरुपद्रवी राहत नाही.

कीबोर्डचा उशीरही फक्त त्या ८ मिलिसेकंदांचा नसतो. आतली चिप कळांच्या ओळी-रांगा फिरून बघते, त्याला वेळ जातो. कळेचा संपर्क बसताना थरथरतो, तो स्थिर होईपर्यंत थांबणारे कीबोर्ड असतात, त्यात आणखी जातो. वायरलेस असेल तर रेडिओची भर. काही वायरलेस कीबोर्ड बॅटरी वाचवायला मधल्या शांततेत स्वतःच झोपतात, आणि तुमच्या चाचणीत तर दोन खुणांमध्ये दहा-दहा सेकंद शांतता आहे.

बटणाकडे येतोच. आधी एक विचारतो. संध्याकाळी आणि सकाळी तोच लॅपटॉप होता का?

---

बदलापूर_स्लो
बुधवार, सकाळी ९:०५

नाही.

बदलापूरहून निघून सकाळी आठच्या आत मुलुंडला चाचणी मांडून बसणं मला रोज जमत नव्हतं. म्हणून सकाळच्या चाचण्या मुलुंडलाच राहणारी मैत्रीण घेत होती, तिच्या लॅपटॉपवर. तिचा स्क्रीन फुटलाय, म्हणून सोसायटीच्या ऑफिसातल्या टीव्हीला जोडून, वायरलेस कीबोर्डने. प्रोग्रॅम तोच होता, म्हणून मी निश्चिंत होते.

आत्ता गाडीत आहे. सहा जणांचा डेटा जमलाय. सकाळचे आकडे खूप वाईट आलेत आणि मी मार्गदर्शकांना आनंदाने सांगितलं होतं की परिणाम ठळक दिसतोय.

---

तारतम्य
बुधवार, सकाळी ९:१८

टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतो, त्याचा वेगळा उशीर असतो. वर वायरलेस कीबोर्ड. रात्रभराच्या जागरणाचा परिणाम आणि या जोडणीचा उशीर एकाच बाजूला, सकाळच्या बाजूला साचलेत. आज ते वेगळे काढता येणार नाहीत. पण दोन्ही जोडण्यांचा उशीर मोजता येईल. दोन्ही लॅपटॉप आणि तो टीव्ही जसेच्या तसे राहू द्या. सेटिंग बदलू नका.

---

प्रात्यक्षिकाची_वही
बुधवार, दुपारी ३:४०

अगं, खचू नकोस. मी मुंबईत एका महाविद्यालयात तीस वर्षं मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे.

१७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्केलिनने आपला मदतनीस डेव्हिड किनब्रुक याला कामावरून काढलं. कारण काय, तर तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकल्याची वेळ तो मॅस्केलिनपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे कोनिग्जबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने वेधकर्त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की दोन निष्णात माणसांच्या वेळाही जुळत नाहीत. तेव्हा किनब्रुकची नोकरी जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. उशीर कोणाचा आणि किती, हे न तपासता तो एका माणसाच्या नावावर मांडला गेला. तुझ्या सेक्रेटरींचं वाचलं आणि मला तोच आठवला.

आमच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर क्रोनोस्कोप होता. दोन लंबक, एक किंचित लांब, एक किंचित आखूड. लांबाचा झोका ०.८० सेकंदांचा, आखूडाचा ०.७८ चा. प्रयोगकर्त्याने कळ दाबली की लांब लंबक सुटायचा, तीच खूण. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याची चाचणी आहे त्याने, आपली कळ दाबली की आखूड सुटायचा. तो दर झोक्याला ०.०२ सेकंदांनी लांबाला गाठत जायचा. दोघे एकत्र झुलेपर्यंत आखूडाचे झोके मोजायचे आणि ०.०२ ने गुणायचं. नऊ झोके झाले तर ०.१८ सेकंद. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी दोन्ही लंबक मिनिटभर मोजून घ्यायचे, लांबाचे ७५ आणि आखूडाचे ७७ झोके भरलेच पाहिजेत. नाही भरले तर दोरा कमी-जास्त करायचा आणि पुन्हा मोजायचं. मुली कंटाळायच्या. पण त्या दोऱ्यापाशी त्यांना कळायचं की माणूस मोजण्याआधी यंत्र मोजायचं असतं.

तुझा दोरा कुठे आहे ते शोध. बाकी सगळं जमेल.

---

कोंबडा_आरवला
बुधवार, रात्री ९:१५

मोबाइलवर ॲप टाकून दिलं तर? सगळ्यांकडे फोन आहेच.

---

तारतम्य
बुधवार, रात्री १०:०२

प्रत्येक फोनचा टचस्क्रीन वेगळा, प्रत्येकाचा उशीर वेगळा. एकच फोन अकरा जणांना दिला तर निदान सगळ्यांना सारखं माप लागेल. पण घामेजलेलं बोट काचेवर नेमकं कधी टेकलं, हे फोन आपल्या सवडीने ठरवतो. बटणाला दोन पत्रे असतात. ते चिकटले की चिकटले.

आता डबा. मी हाच व्यवसाय करतो, तेव्हा सविस्तर लिहितो.

माझा सल्ला असा की लॅपटॉप मधून काढूनच टाका. पीव्हीटीत दाखवायचं काय असतं? एक खूण. त्याला पडदा कशाला हवा? हीच चाचणी घेणारं हातातलं जुनं यंत्र, पीव्हीटी-१९२, त्यातही लाल आकड्यांची खिडकी आणि बटणंच होती. तुमच्या डब्यात एक लाल एलईडी, एक मोठं बटण आणि एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी छोटी चिपची पाटी. एलईडी पेटवला की तो मायक्रोसेकंदाच्या आत पेटतो. पडद्याची फ्रेम नाही, टीव्ही नाही, यूएसबी नाही. पेटल्याची वेळ आणि दाबल्याची वेळ एकाच चिपच्या घड्याळावर.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा, चालत पाच-सात मिनिटं. आर्डुइनो ऊनो किंवा नॅनो, दोन्ही चालतील. बटण गेमिंग पार्लरमधलं घ्या, ३० मिलिमीटरचं, आर्केड बटण म्हणून मागा. खाली मायक्रोस्विच असतो, बोट थोडं तिरकं पडलं तरी लागतं. दुकानातच दहा-बारा वेळा दाबून बघा. स्प्रिंग जड असेल तर दुसरं मागा, साठीच्या माणसाला दहा मिनिटं दाबायचंय. एलईडी ५ मिलिमीटरचा, २२० ओहमचा रेझिस्टर, चार आकड्यांचा टीएम१६३७ डिस्प्ले आणि एक प्लास्टिकचा डबा.

मायक्रोस्विचला तीन पाय असतात. कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच जुळणारा) हे दोन वापरा. एक ग्राउंडला, दुसरा पिन २ ला. पिन २ ला चिपच्या आतला पुलअप (बटण मोकळं असताना पिनेला स्थिर ठेवणारा रेझिस्टर) लावा, बाहेरून रेझिस्टर नको. पिन २ का, तर तिथे इंटरप्ट आहे. चिप दुसरं काही करत असली तरी बटण दाबताक्षणी ते काम थांबवून वेळ टिपते. ही वेळ मायक्रोसेकंदांच्या घड्याळाने घ्या, १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर ते ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं. इंटरप्टच्या आत फक्त वेळ टिपायची. छापणं, साठवणं, गणित, सगळं बाहेर.

थरथरीचं असं करा. पत्रा पत्र्यावर आपटला की दोन-चार मिलिसेकंद उड्या मारतो. बरेच नमुना प्रोग्रॅम तो शांत होईपर्यंत थांबतात आणि मग वेळ घेतात, म्हणजे तेवढा उशीर तुम्हीच घातलात. पहिला स्पर्श झाला तीच वेळ घ्या आणि पुढच्या ५० मिलिसेकंदांतले सगळे स्पर्श सोडून द्या. बेलसारखं दाबून धरणाऱ्या काकांचाही प्रश्न सुटला, दाब सुटेपर्यंत पुढचा प्रयत्न सुरूच करायचा नाही.

डिस्प्लेला खूण म्हणून वापरू नका. त्याला आकडे पाठवण्यातच काही मिलिसेकंद जातात. खूण एलईडीची, डिस्प्ले नंतर आकडा दाखवायला.

साठवण चिपमध्येच होईल. ऊनोच्या चिपमध्ये १०२४ बाइटची कायमची स्मृती आहे. एका नोंदीला २ बाइट, म्हणजे ५१२ नोंदी. दहा मिनिटांत साधारण ८० ते ९५ खुणा होतात, म्हणजे पाच-सहा चाचण्या बसतील. घरी येऊन संगणकावर उतरवून घ्या.

पुढे कोणी डबा संगणकाला जोडून प्रत्येक दाब लगेच पाठवायचा विचार केला तर एक सावधगिरी. एफटीडीआय चिपच्या यूएसबी-सिरियल जोडणीत लेटन्सी टायमर असतो, मुळात १६ मिलिसेकंदांवर ठेवलेला. थोडासाच मजकूर असेल तर ती चिप तेवढा वेळ वाट बघून मग पुढे ढकलते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट, ॲडव्हान्स्ड, तिथे १ करा. डब्यातच वेळ मोजली असेल तर याची काळजी नाही, कारण संगणकाकडे तयार आकडा जातो. तो कधी पोहोचला याला महत्त्व उरत नाही.

---

शाई_आणि_पडदा
गुरुवार, सकाळी ११:२५

थोडं अवांतर, पण मराठीतून प्रयोग करणाऱ्यांना उपयोगी पडेल. मी ब्राउझरमध्ये मराठी स्ट्रूप केला होता, लाल-हिरवा-निळा-पिवळा. उत्तरं एफ आणि जे या कळांवर. पहिल्या तीन मुलांचं एकही उत्तर नोंदलं गेलं नाही. सुरुवातीच्या अर्जात नाव मराठीत भरायचं होतं, त्यासाठी मुलांनी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावला आणि तो तसाच राहिला. इनस्क्रिप्टमध्ये एफच्या जागी पहिली वेलांटी येते आणि जेच्या जागी र. प्रोग्रॅम एफची वाट बघत बसला आणि कीबोर्ड वेलांटी पाठवत राहिला. अक्षराऐवजी कळेची जागा वाचली की प्रश्न सुटतो.

आणि मराठी शब्द मजकूर म्हणून न दाखवता आधी चित्र करून ठेवा. माझ्याकडे 'पिवळा'ची वेलांटी प नंतर येत होती आणि मुलं तिथे अडखळून उशिरा उत्तर देत होती. तो उशीरही मी आधी मुलांचाच समजत होते.

---

बदलापूर_स्लो
पुढच्या आठवड्यात, सोमवार, रात्री ११:१०

डबा झाला! सगळं सामान हजाराच्या आत आलं. बटण हिरवं घेतलं, लाल एलईडीशी गल्लत नको म्हणून. वडिलांनी ड्रिलने भोक पाडून दिलं.

पहिल्या रात्री सगळे आकडे विचित्र. काही उणे. उणे अठरा हजार, मग अधिक चार हजार. दोन तास सोल्डर तपासत बसले. शेवटी कळलं की वेळ मी इंट या प्रकारात ठेवली होती. या चिपवर इंटची झेप ३२,७६७ पर्यंतच. मायक्रोसेकंदांत म्हणजे ३३ मिलिसेकंदसुद्धा नाहीत, त्यापुढे आकडा उलटा फिरून उण्यात जातो. अनसाइन्ड लाँग (उण्यात न जाणारा, मोठा आकडा मावणारा प्रकार) केलं आणि घरच्यांचे आकडे अडीचशे-तीनशेच्या आसपास यायला लागले. आईचे माझ्यापेक्षा चांगले आले.

दुसरी अडचण काकांनी दाखवली. बेलवाले काका सरावासाठी सलग तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी ते एलईडी पेटायच्या आधीच बोट सरसावून तयार. आकडे ११०, १२५ असे. मी विचारलं, "काका, कसं काय?" म्हणाले, "ताई, आता लगेच येणार. मग एक लांबचं. मग दोन जवळची." मी वहीत बघितलं, तिन्ही दिवस अंतरांचा क्रम अगदी तोच होता. डबा दर वेळी सुरू झाला की यादृच्छिक आकड्यांची तीच माळ पहिल्यापासून ओढत होता. बारा तासांची ड्युटी सुरू होण्याआधी बसलेल्या माणसाने ती माळ पाठ केली आणि मला पत्ता नव्हता. मोकळ्या ॲनालॉग पिनवरचा गोंगाट वाचून तिथून माळ सुरू करायला लावली, आता क्रम दर वेळी वेगळा येतो. १०० च्या खालचे आकडे आधी दाबलं म्हणून वेगळे मोजतेय.

पॉवरबँक मात्र दर काही सेकंदांनी आपोआप बंद होते. का?

---

तारतम्य
सोमवार, रात्री ११:३१

डबा फार कमी वीज ओढतो. पॉवरबँकेला वाटतं फोन भरून झाला, म्हणून ती बंद होते. सहा पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, ९ व्होल्ट होतात, ते थेट ऊनोच्या गोल पिनेला द्या.

क्रम ओळखणारे काका फार मोलाचे आहेत. त्यांना सांगा, त्यांनी चूक पकडली.

---

बदलापूर_स्लो
मंगळवार, सकाळी ८:४८

सांगितलं. म्हणाले, "मग मला पास करा."

---

पायथॉन_पेठ
मंगळवार, सकाळी १०:१५

उंबरठ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तारतम्य यांचं बरोबर होतं. आता जुन्या डेटाचं काय करायचं, ते बोलूया. दोन्ही जोडण्यांचा उशीर कसा मोजणार?

---

तारतम्य
मंगळवार, दुपारी १:३०

कीबोर्ड न उघडता करता येईल. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे घ्या. मध्ये पोस्टकार्डाची चौकट कापून ठेवा, कडा चिकटवा. बोटाने दाबलं की दोन्ही फॉइल मधल्या खिडकीतून एकमेकांना लागतात. हा झाला पातळ स्विच. तो स्पेसबारवर चिकटवा आणि दोन्ही तारा डब्याच्या बटणाच्या जागी जोडा. एकाच दाबात आधी फॉइल लागेल, लगेच खाली कळ.

खुणेच्या बाजूला फोटोडायोड (उजेड ओळखणारा सुटा भाग), पडद्यावर खूण उमटते तिथेच, काळ्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून. दुकानदार एलडीआर (उजेड ओळखणारा स्वस्त रेझिस्टर) देईल, तो घेऊ नका. त्याला उजेड गेल्या-आल्याचं कळायलाच कितीतरी मिलिसेकंद लागतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली मोजत असाल तर दिवा बंद करा, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि फोटोडायोडला ते दिसतं.

आता दोन आकडे मिळतील. डबा सांगेल, पडदा खरोखर उजळल्यापासून बोट खरोखर लागेपर्यंत किती. सायकोपाय सांगेल, त्याला काय वाटलं. वजाबाकी म्हणजे त्या जोडणीचा उशीर. तुम्ही स्वतःच दाबा, प्रत्येक जोडणीवर शंभर वेळा तरी. तुमचा वेग कसा आहे याने फरक पडत नाही, तो दोन्ही आकड्यांत सारखाच आहे.

---

बदलापूर_स्लो
रविवार, रात्री ९:५५

मोजलं. मैत्रीण टीव्हीसमोर, मी माझ्या लॅपटॉपवर, दीडशे-दीडशे वेळा.

माझ्या लॅपटॉपचा उशीर एका अरुंद पट्ट्यात बसला. तिच्या जोडणीचा त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय तो एका जागी राहतच नाही, मध्येच एखादा दाब बराच मागे पडतो, मग तीन-चार नीट, मग परत एक मागे. सकाळी काकांच्या आकड्यांत दिसणारे 'अचानक सुटलेल्या लक्षाचे' उंचवटे हुबेहूब असेच होते. त्या उंचवट्यांवर मी प्रबंधाचा अख्खा परिच्छेद लिहिला होता.

सरासरी उशीर वजा करून डेटा वाचवता येईल का?

---

पायथॉन_पेठ
रविवार, रात्री १०:२०

सरासरी वजा करून सरासरी सुधारेल. पण कुठल्या प्रयत्नात उशीर ३० होता आणि कुठल्यात ९०, ते सांगता येणार नाही. ५०० च्या आसपासचा प्रत्येक लॅप्स संशयित राहील. लॅप्स मोजायचे असतील तर नाही.

---

प्रात्यक्षिकाची_वही
सोमवार, सकाळी ६:३०

त्या सहा जणांच्या नोंदी पूर्वचाचणी म्हणून ठेव आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिही, फॉइलच्या स्विचसकट. मार्गदर्शकांना आज स्वतःहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. अकराही जणांची चाचणी नव्याने घे, संध्याकाळ-सकाळ एकाच डब्यावर. निम्म्यांची पहिली चाचणी संध्याकाळची ठेव, निम्म्यांची सकाळची, म्हणजे सरावाचा परिणाम एकाच बाजूला पडणार नाही.

वेळ कमी असेल तर पीव्हीटीची ३ मिनिटांची आवृत्ती आहे, बॅस्नर आणि डिंजेस यांच्या गटाची, २०११ ची. तिच्यात अंतरं १ ते ४ सेकंद आणि लॅप्सची मर्यादा ३५५ मिलिसेकंद. सुटलेल्या ड्युटीनंतर घरी जायला निघालेल्या माणसाला दहा मिनिटं फार वाटतात. पण मर्यादा इतकी खाली आली की यंत्राच्या उशिराला माफी आणखी कमी.

---

बदलापूर_स्लो
बुधवार, रात्री १०:३७

मॅडम, तुमचं ऐकून सोमवारीच सांगितलं. मार्गदर्शक थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, फॉइलचा स्विच घेऊन या, बघायचाय. महिनाभराची मुदतवाढ मिळतेय.

दहा मिनिटांचीच चाचणी ठेवतेय. सकाळची आता मी स्वतः घेणार आहे. चार सकाळी मुलुंडला मैत्रिणीकडे मुक्काम, मग दोन दिवस घरी, मग परत. डबा पाठपिशवीत, बटण वेगळं, तीन मीटरच्या तारेने जॅकला जोडायचं, म्हणजे ते मांडीवर घेता येतं आणि रजिस्टरची फळी मोकळी राहते. डिस्प्लेवरचा आकडा फक्त त्या काकांना दिसतो, नोंदी क्रमांकाने आहेत आणि क्रमांक-नावांची यादी माझ्या घरी कपाटात आहे. सेक्रेटरींना लेखी कळवलं की कोणत्याही वॉचमनची वैयक्तिक माहिती मिळणार नाही. त्यांनी 'ठीक आहे' म्हणून सही केली.

आज संध्याकाळी पहिले तीन जण झाले. ज्यांना लॅपटॉप तुटायची भीती होती त्यांनी बटण दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे पडलं तर?" मी म्हटलं, पडू द्या. दहा मिनिटं अगदी नीट दाबत बसले.

---

तारतम्य
बुधवार, रात्री १०:५२

छान. तार डब्यात शिरते तिथे आतल्या बाजूने एक गाठ मारा. लोकलच्या गर्दीत तार ओढली गेली तर ताण गाठीवर येईल, सोल्डरवर नाही. आणि रोज पहिल्या काकांच्या आधी स्वतः वीस वेळा दाबून आकडे वहीत लिहा. आकडे एकदम सरकलेले दिसले तर त्या दिवशी चाचणी घेऊ नका, आधी डबा उघडा.

---

बदलापूर_स्लो
बुधवार, रात्री १०:५८

गाठ मारली. वहीचं पहिलं पान आजपासून सुरू केलंय.